ताठ चालणारा माणूस

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या माउंट रॉस्किल उपनगरात राहणारे मोरेश्वर साठे टपाल वाटत. पुण्याहून शिकायला आले, पदवी कपाटात गेली आणि खांद्याला पिशवी आली. तरी आपल्या पायांचा त्यांना भारी अभिमान. पत्नी सुमेधा ओटाहुहु या दुसऱ्या उपनगरात फार्मासिस्ट. २०१२ साली नव्या नोकरीबरोबर तिला खासगी आरोग्यविमा मिळाला. पहिल्या तीन महिन्यांत नवऱ्याचे नाव घातले, तर प्रकृतीविषयी एकही प्रश्न विचारला जाणार नव्हता. सरकारी रुग्णालय फुकट असताना विमा भित्र्यांनी काढावा, असे म्हणून मोरेश्वरांनी अर्ज परत केला. पुढे त्यांचे अपेंडिक्स फुटले, सरकारी रुग्णालयाने त्याच दिवशी कापून त्यांना वाचवले, आणि मग त्यांच्याशी या विषयावर बोलायची सोयच उरली नाही.

२०१७ मध्ये खुबा झिजला. खुब्याने माणूस मरत नाही, म्हणून सरकारी रुग्णालयात त्याच्या शस्त्रक्रियेला रांग असते. आणि रांगेत शिरण्यासाठी दुखणे किती अडवते, याचे पुरेसे गुण मिळवावे लागतात. तपासणीला मोरेश्वर इस्त्रीचा शर्ट घालून, काठी गाडीत ठेवून, दात आवळून ताठ चालत गेले. परक्यांपुढे कण्हणे त्यांच्या घरात असभ्य मानले जाई. कसे चालले आहे, असे डॉक्टरांनी विचारले. ‘‘नॉट टू बॅड,’’ मोरेश्वर म्हणाले. यांना मोजेसुद्धा मीच चढवते, असे सुमेधा सांगू लागली, तेव्हा ते मराठीत गुरकावले, ‘‘माझी शोभा करू नकोस.’’

घरी येऊन त्यांनी निमूटपणे विम्याचा अर्ज भरला. विमा मिळाला, खुबा वगळून. त्याच सुमारास सुमेधाच्या पित्ताशयात खडे निघाले. खासगी रुग्णालयात तिसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया उरकून ती कामावरही गेली. मोरेश्वरांनी तिची विचारपूस केली ती जेमतेम.

मग नोकरीच्या ठिकाणच्या डॉक्टरने त्यांना तपासणीला बोलावले. त्याने काही विचारले नाही, फक्त जिना चढायला लावला. सातव्या पायरीवर मोरेश्वर कठड्याला लटकले.

एकाच आठवड्यात दोन पत्रे आली. दोन्ही पेटीत टाकली त्यांच्या फेरीवर नेमलेल्या नव्या माणसाने. रुग्णालयाने कळवले की दैनंदिन व्यवहार सुरळीत असल्याने गुण अपुरे आहेत, तूर्त शस्त्रक्रिया नाही. मालकांनी कळवले की चालण्यास असमर्थ असल्याने महिनाअखेर सेवा समाप्त.

सुमेधाने पत्रे शेजारी-शेजारी ठेवली.

‘‘यातलं एक खोटं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘आणि ते तुम्हीच सांगितलंत.’’

पुन्हा तपासून घेता येईल का, त्यांनी विचारले.

‘‘येईल की. पण सगळं पहिल्यापासून.’’