तीन बरण्या, एकच माती

लॅबवाल्या मावशींवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. शाळेच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं त्या बरण्या विसळत आल्या, आणि त्यांचा सख्खा भाऊ नव्या वर्गखोल्या बांधणाऱ्या कंत्राटदाराचा मुकादम. कुंपण शेत खातं हे कळायला शाळा शिकावी लागत नाही.

शाळेमागच्या उतारावर खोल्या होणार होत्या. पालकांच्या संमतीपत्रावर त्यांचा प्रतिनिधी म्हणून माझी सही अडली होती. म्हटलं, आधी मुलींदेखत माती तपासा. मुकादमानं तीन पिशव्या आणल्या: माथ्याची, मधली, पायथ्याची.

मावशींनी तीन बरण्यांत माती घातली, पाणी ओतलं, खळखळून हलवलं आणि टेबलावर ठेवल्या.

"हात लावाल तर बोटं मोजून घेईन," त्या आठवीच्या मुलींना म्हणाल्या. "वाळू जड, लगेच बसते. गाळाला थोडे तास लागतात. चिकणमाती नखरेल, दोन-दोन दिवस तरंगते."

"चिकणमाती जास्त निघाली तर?" एकीनं विचारलं.

"पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते. वरच्या भिंतीला तडे."

दुसऱ्या दिवशी मी झाकणांवर चिकटवायला कागदाच्या पट्ट्या घेऊन गेलो. झाकणांवर पट्ट्या आधीच होत्या, मावशींच्या सहीच्या.

"हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. भांडण जिंकायला मूठभर चिकणमाती टाकाल, काय नेम."

डोकं फिरलं. पण खोटं कशाला बोलू, तसं एकदा मनात आलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिन्ही बरण्यांत नितळ पाणी, खाली वाळूच वाळू. मुकादमानं पेन माझ्यापुढे धरलं. मावशींनी मात्र बोटं लावून थर मोजले.

"चार बोटं. चार बोटं. चार बोटं."

"मग चांगलंच की, ताई."

"पाऊस बारीक माती उतारावरून खाली नेतो, जाडीभरडी वर राहते. मग माथा आणि पायथा जुळे भाऊ कसे?"

"निसर्ग आहे."

"निसर्गाशी माझी ओळख आहे. तो इतका नीटनेटका नसतो."

मुकादम खाली बघत पुटपुटला, "खालचे खड्डे खणलेच नाहीत. साहेब म्हणाले, माथ्याचीच भर तिन्हीत. ताई, माझी नोकरी जाईल."

"नोकरी गेली तर माझ्याकडे जेवायला ये. भिंत अंगावर आली तर या पोरींनी कुठे जायचं? फावडं घे."

दोघं पायथ्याशी गेले. मी मागोमाग गेलो. बहीण-भावाचा काय भरवसा. हातभर खणल्यावर काळपट माती फावड्याला चिकटली, झटकली तरी सुटेना. मावशींनी तिथेच बरणीत माती-पाणी भरलं, ती हलवली, झाकण लावलं, पट्टी चिकटवली.

"सही कर," त्या भावाला म्हणाल्या. त्यानं केली. मग पेन माझ्याकडे. "तुम्हीही. नाहीतर उद्या म्हणाल, दोघांनी मिळून पाणी ढवळलं."

मी तेच म्हणणार होतो. केली सही.

तीन दिवसांनी गेलो, तर बरणीतलं पाणी अजून गढूळ. मुकादम समोरच्या बाकावर बसून तिच्याकडे बघत होता, कामाच्या वेळी. संमतीपत्र मावशींनी बरणीखाली ठेवलं होतं, माझ्या सहीची जागा कोरी.