झाडाची बाटली

कोमट पाण्याला येणारा प्लास्टिकच्या बाटलीचा वास आला, की मला लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवतो. माझे अबोल सासरे रोज टेकडीवरच्या जंगलात एक फेरी मारायचे, एका सकाळी मलाही म्हणाले, "येतेस का?" वाळक्या पानांवर आमची पावलं तेवढी वाजत होती. ते पुढे, पिशवी माझ्या खांद्यावर. तहान लागली तशी मी तिच्यातली बाटली संपवून टाकली. पुढच्या वळणावर ते स्वतः लावलेल्या गुडघ्याएवढ्या कडुनिंबापाशी थांबले आणि त्यांनी बाटलीसाठी हात पुढे केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "म्हणजे आज याला उपास," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोन बाटल्या भरून ठेवलेल्या होत्या. आता कडुनिंबाला पाणी लागत नाही. त्याच्या वाटणीची बाटली त्याच्याच सावलीत टेकून सासरे पितात.