आतोबांचा आंबलेल्या अंगावरचा इलाज

दुसऱ्याचं अंग दुखतंय हे ऐकून एवढा खूश होणारा माणूस आख्ख्या मावळात मी दुसरा पाहिला नाही. आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, तसे मऊ काळजाचे. कुणाला ताप आला तरी कासावीस व्हायचे. पण मेहनतीनं अंग आंबलेला माणूस दिसला की चेहरा कसा खुलायचा! नोकरी लोणावळ्यात रेल्वेच्या शेडमध्ये, आणि उरलेला सगळा जीव तालमीत. रस्त्यात भेटलेल्याला पहिला प्रश्न, "अंग आंबलंय का?" नाही म्हणणारा त्यांच्या लेखी आळशी, आणि हो म्हणणाऱ्याची सुटका नव्हती. पडून राहायचं नाही, काल केलं तेच आज थोडं थोडं करायचं, ऊन पाण्यानं शेकायचं, तिळाचं कोमट तेल जिरवायचं. एवढं करूनही उतरलं नाही, तर तालमीच्या लाल मातीत पालथं झोपवून आतोबा स्वतः पाठीवर उभे राहणार. शाळेतले एक मास्तर एकदा हौसेनं जोर काढून आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सदऱ्यात हात घालता येईना. आतोबांनी त्यांना तसंच उघडं वलवणपर्यंत चालवून आणलं. मास्तरांचं अंग मोकळं झालं खरं, पण पुढं आतोबा दिसले की ते गल्ली बदलायचे.

हे सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो, पण हौसाच्या वेळी ते चांगलंच महागात पडायची वेळ आली. हौसा त्यांची एकुलती एक लेक, माझी आतेबहीण. तिला बघायला पुण्याहून मुलगा आणि त्याची आई आदल्या दिवशीच आले. मुलगा पेढीवर कारकून, दिवसभर बैठं काम. जावयाचा दम बघितल्याशिवाय लेक द्यायची नाही, हे आतोबांचं खूळ. चहा पोटात गेला न गेला तोच त्याला लोहगडावर नेला, तोही भरभर. बिचारा चकार शब्द न काढता चढला आणि उतरला. सकाळी मात्र मांड्यांचे दगड झालेले. पाटावर बसायचं, तर गुडघे वाकेनात. भिंत धरून उभा. त्याची आई कडाडली, "मुलगी दाखवायला बोलावलंत की माझा पोरगा मोडायला? दुपारच्या गाडीनं आम्ही चाललो!" आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. चुलीपुढं हौसानं माझा हात घट्ट धरला. "मला हाच पायजे व्हता गं," एवढंच म्हणाली. कांदेपोहे करपले तरी तिला कळलं नाही.

आतोबांनी मुलाला काखेत धरलं. "घटकाभर द्या मला, लय न्हाई," म्हणत थेट तालमीत नेलं. आई तावातावानं मागोमाग, पण बायकांना तालमीत मज्जाव. आतून "आई गं!" ऐकू आलं की बाहेरून त्या "आले रे!" म्हणायच्या, पण उंबरा काही ओलांडता येईना. आत माती चोळणं झालं, पाय देणं झालं, शेवटी हळूहळू चार बैठकाही काढून घेतल्या. मुलगा बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत लाल, पण स्वतःच्या पायांनी. "आई, आता बसता येतंय," तो म्हणाला. "मुलगी बोलवायला सांग." आंघोळ करून तो मांडी घालून बसला, करपलेले पोहे दोनदा मागून खाल्ले, आणि आईनं काही विचारायच्या आत पसंती सांगून मोकळा झाला.

लग्न झालं. पाठवणीला लोणावळ्याच्या फलाटावर आत्या रडली, मी रडले, हौसा तर खिडकीचा गज सोडेना. आतोबा आपले हाताची घडी घालून उभे. शिट्टी झाली तशी त्यांनी खिडकीतून जावयाचा हात धरला, आणि इतक्या हलक्या हातानं धरला की मला नवल वाटलं.

"जावईबापू, आमची हौसा दमली तरी तोंडानं सांगायची न्हाई. तिच्या चालण्यावरनं वळखायचं. येवढं एक तुमी बघा."

जावयानं मान हलवली. गाडी मळवलीकडं निघाली, आणि आतोबा फलाट संपेपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले.