पाणी घालून वाळवलेली बाग

करंजाड्यातली आमची सोसायटी डोंगर फोडून केलेल्या मुरमाड जागेवर उभी आहे. मागच्या कोपऱ्यात पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग करायचं ठरत होतं, तेव्हा भर मीटिंगमध्ये मी उठलो. म्हणालो, इथे आपली रानातली झाडं लावू या. बहावा, पळस, कुडा. एकदा रुजली की पाणीसुद्धा मागत नाहीत.

सेक्रेटरी म्हणाला, "काका, गुढीपाडव्यापर्यंत जगवून दाखवा. नाहीतर ब्लॉक."

पावसाळ्यात लावलेली बारा रोपं दिवाळीपर्यंत झकास होती. मग पानांच्या कडा करपायला लागल्या. आमच्याकडे पाणी टँकरचं, ते झाडांना कोण घालू देणार? मी शक्कल लढवली. घरोघरी आरओ फिल्टरमधून जे पाणी वाया जातं, ते साठवायला सांगितलं आणि रोज सकाळी बादली घेऊन दारोदार फिरायला लागलो. पानं जितकी करपत, तितक्या बादल्या मी वाढवत गेलो.

बायको म्हणाली, "माझ्या आजारपणात एवढ्या फेऱ्या मारल्या नव्हत्यात."

खरंच नव्हत्या.

फेब्रुवारीत नुसत्या काटक्या उरल्या. पन्नाशी उलटलेला माणूस काटकीपुढे उकिडवा बसून "फूट गं बाई" म्हणतोय, हे बाल्कन्यांतून सगळे बघत होते.

एके सकाळी तळमजल्यावरच्या आजी आल्या. त्या इथल्याच गावच्या, अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं. आळ्यातली पांढरट माती त्यांनी चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"खारी हाय. कंचा पानी घालतंस?"

मी सांगितलं. फिल्टर गोडं पाणी आपल्याला देतो आणि खार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतो, हे मला माहीत होतं. फक्त आठवलं नव्हतं.

"आमी मीठ असाच पिकवायचो," आजी म्हणाल्या. "पानी भरायचा, सुकू द्यायचा, परत भरायचा."

म्हणजे चार महिने मी मिठागर चालवत होतो.

पाडव्याच्या आदल्या रविवारी मी एकेक काटकी नखाने खरवडली. आत तपकिरी, तपकिरी, तपकिरी. एका पळसाला बुंध्याशी हिरवा ठिपका दिसला. मी सेक्रेटरीला हाताला धरून आणलं.

"एकच आहे, काका."

"एकच आहे."

त्याने पावलांनी माप घेतलं. "ह्याच्यापुरते चार ब्लॉक सोडतो. पण गाडी लागली तर मला बोलायचं नाही."

मी त्याला दोनदा थँक्यू म्हणालो.