फळ्यावर न लिहिलेली सुट्टी

माझा दादा पोस्टमन. लोकांची पत्रं वेळेवर पोचवणारा हा माणूस स्वतः मात्र सात वर्षं बायकोपासून लांब राहिला. वहिनी शेजारच्या प्रांतात नर्स आहे. एका संसाराच्या दोन चुली. यंदा तिच्या गावच्या पोस्टात एक जागा रिकामी झाली आणि दादाला भर चाळिशीत पालवी फुटली. आम्ही त्याला नवरदेव म्हणून चिडवायचो आणि तो चक्क लाजायचा.

बदलीचा अर्ज बुधवारपर्यंत तिकडच्या पोस्टात पोचायला हवा होता. दादानं तो सोमवारी सकाळी खिडकीवरच्या कारकुनाच्या हातात दिला. हा त्याचा जिवलग. दुपारचा डबा दोघं एकत्रच उघडायचे. प्रत्येक प्रांताच्या सुट्ट्या वेगळ्या, म्हणून उद्या कुठलं पोस्ट बंद आहे ते खिडकीशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहायचं काम या कारकुनाचं. त्या सकाळी फळा कोरा होता. दादा निश्चिंत मनानं फेरीवर गेला. त्या दिवशी फेरी लांबली आणि तो परस्पर घरीच आला.

मंगळवारी तिकडे सुट्टी होती. टपालाची पिशवी इथेच पडून राहिली. अर्ज गुरुवारी पोचला आणि मुदत संपल्याचा शेरा घेऊन परत आला. आधी कळलं असतं तर दादा सोमवारीच बसनं जाऊन तो हातोहात देऊन आला असता. बिचाऱ्यानं नशिबाला बोल लावला.

पुढं पत्रं निवडणाऱ्या बाईंनी मला सांगितलं, की दादाची सायकल फाटकाबाहेर पडली आणि लगेच फळ्यावर सुट्टी उमटली. त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला, कारकुनाच्या नावानं. स्वतःचा अर्ज तो आधीच रजा टाकून देऊन आला होता. ताकास तूर लागू दिली नाही मेल्यानं. गोगलगाय नि पोटात पाय.

दादानं त्याला एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"लिहायला जरा उशीर झाला," तो शिक्के मारता मारता म्हणाला. "तू तरी विचारायचंस."

मी असते तर तिथल्या तिथे खिडकीतून गचांडी धरली असती. दादानं त्या दिवसापासून डबा एकट्यानं खाल्ला. केसानं गळा कापला, हे मात्र तो मला रोज म्हणायचा.

जायच्या आदल्या दिवशी कारकून आमच्या दारात आला, हसतमुख, जसं काही घडलंच नाही.

"वहिनींना काही द्यायचं असेल तर दे," तो म्हणाला. "मी तिकडेच चाललोय."

दादा उंबऱ्यातून हलला नाही.

"नको," तो म्हणाला. "पोस्टानं पाठवीन."