'अँड सन्स' आणि मी

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या शिलाईच्या दुकानाला पहिल्यांदाच पाटी लागणार होती, आणि मी सकाळपासून धुमसत होते...

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाव ठरवलं होतं 'शंकरराव अँड सन्स, टेलर्स'. हे सन्स म्हणजे माझे दोन भाऊ. एक कारखान्यात, दुसरा कॉलेजात. सुईत दोरा ओवायला सांगितला असता तर दोघांनी मिळून सुई हरवली असती.

बायकांचे सगळे ब्लाउज मी बेतायची. शाळा सोडली तेव्हापासून काज, हुक, गळ्याची पायपिंग, सगळं माझ्या हातचं. आणि पाटीवर हे दोघे... आयत्या बिळावर नागोबा!

माझं नाव घाला, असं मी आदल्या दिवशीच अण्णांना सांगितलं होतं. ते नुसतेच हसले होते. म्हणून पेंटरने शिडी लावली तशी मी कात्री मशीनच्या खणात टाकली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. "आज सन्सना बेतू द्या," म्हटलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.

आत्या ओरडली, "भर बाजारात पोरीचं नाव टांगायचं? उद्या हिला कोण करून घेईल?"

त्या वाक्याचा अजून राग येतो मला. मी शिवलेलं अंगावर घालून मिरवायला बाजाराला चालत होतं, नाव मात्र चालत नव्हतं!

तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या सरोजम्मा आल्या. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, काखेत रेशमी कापडाचं गाठोडं. "सुशीला इल्वा?" त्यांनी विचारलं. सुशीला नाही का?

मी बेततो की, असं अण्णा म्हणाले. बाईंनी गाठोडं पोटाशी धरलं. "बेडा अण्णा, सुशीला बंदमेले बर्तीनी." नको, सुशीला आली की येते... आणि खरंच निघून गेल्या. मी पडद्याआडून बघत होते.

अण्णांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. मग पडदा सारून म्हणाले, "सरी... बरं, 'अँड डॉटर' लिहू या. झालं समाधान?"

नाही झालं. शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकले होते मी, मुलगी हे सामान्यनाम आणि सुशीला हे विशेषनाम. तेव्हा नुसतं पाठ केलं होतं, आज ते कामी आलं.

"अण्णा, मुली घरोघरी असतात," मी म्हटलं. "सरोजम्मांनी तुमच्या मुलीला नाही विचारलं. सुशीलाला विचारलं."

आत्याने कपाळाला हात लावला. बाहेर पेंटर कंटाळला होता. "स्वल्प बेगा हेळी, अण्णा!" जरा लवकर सांगा...

अण्णा बाहेर गेले आणि म्हणाले, "शंकरराव अँड सुशीला." मी रस्त्यात उभी राहून एकेक अक्षर रंगताना पाहिलं. मग सरोजम्मांना बोलवायला पळाले.

अण्णांनी जन्मात मला कधी शाबास म्हटलं नाही. पण त्या दिवशी आत्याला एवढंच म्हणाले, "ज्या घराला हिच्या नावाची लाज वाटेल, ते घर आपल्याला नको." त्या एका वाक्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

आत्याचं भाकीत काही खरं झालं नाही. पुढे माझं लग्न ठरलं, मांडव पडला. सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले. आमच्यात त्या तांदळांवर नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. नाव त्यांनी ठरवूनच आणलं होतं, चांगलं होतं म्हणे...

मी ताट हलकेच बाजूला सरकवलं. म्हटलं, "नको. पाटी रंगवून झालीय."

ह्यांनी अंगठी परत बोटात घातली.