परमेश्वर मास्तरांचा प्रॉम्प्टर

खापरवाडीत परमेश्वर गाडेकरांना सगळे मास्तर म्हणतात, पण ते कोणत्याच शाळेत शिकवत नाहीत. दिवसा ते जालन्याच्या एका बियाणे कंपनीत पॅकिंगच्या कामावर असतात. सकाळी बदनापूर स्टेशनवर गाडी पकडायची, संध्याकाळी परत यायचं. मास्तर हे नाव त्यांना नाटकानं दिलं. गावच्या नाटकाची तालीम घेईल तो मास्तर, आणि एकदा हे नाव चिकटलं की सुटत नाही. "माझ्या नवऱ्याचं खरं नाव फकत रेशन कार्डावर राह्यलंय," असं त्यांची बायको नंदाबाई येईल त्याला सांगते.

चैत्रातल्या यात्रेची दुसरी संध्याकाळ खापरवाडीत नाटकाची. मास्तरांनी पहिलं नाटक बसवलं तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. त्या वर्षी यात्रा तोंडावर आली आणि बाहेरून ठरवलेल्या नटीनं निरोप पाठवला, येत नाही. गावातली बाई स्टेजवर चढण्याची रीत नव्हती. परमेश्वर सरळ धनगर आळीत गेला. तिथली आसराबाई लग्नात गाणी म्हणायची, आणि दुधना नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या मेंढरांना हाक मारायची तर मेंढरं बराबर मागं फिरायची.

"मला वाचता येत न्हाई रे बाबा," आसराबाई म्हणाली.

"वाचायचं काम कडूबाआबांचं. तुम्ही नुसतं बोला, काकू."

कडूबा म्हणजे गावचा प्रॉम्प्टर, नट बोलायच्या आधी त्याचं वाक्य हळूच पुढं करणारा. स्टेजच्या डाव्या विंगेत उलटा घातलेला तेलाचा डबा, त्यावर कडूबा, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात बॅटरी. त्यानं आसराबाईला एकेक वाक्य बोलून शिकवलं. आळीत चार दिवस कुजबुज झाली. नाटकाच्या संध्याकाळी आसराबाईनं पहिलं वाक्य टाकलं आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पुढं सरकून बसल्या. तेव्हापासून खापरवाडीत नटी बाहेरून आणावी लागली नाही.

मधली दोन वर्षं मास्तर मुंबईला राहिले. एका मालिकेच्या सेटवर ते दिग्दर्शकाचे चौथे सहायक होते. मागच्या शॉटमध्ये नायिकेनं चहाचा कप उजव्या हातात धरला होता की डाव्या, हे ध्यानात ठेवणं हे त्यांचं काम. काम ते चोख करायचे. वडील आजारी पडले म्हणून परत आले ते पुन्हा गेलेच नाहीत. का, असं कुणी विचारलं तर सांगतात, "तिथं मला कप दिसायचा, माणूस दिसायचा न्हाई."

पण कॅमेरा काय असतो हे तिथंच त्यांना कळलं होतं, आणि ते मनात राहून गेलं होतं.

पुढं पंचवीसेक वर्षं नाटकं झाली. मग हळूहळू तालमीला माणसं मिळेनात. कुणी स्टीलच्या कारखान्यात पाळीला, कुणी पुण्याला. बघायला बसणारेही मोबाइलमध्ये मान घालून बसू लागले. गेल्या यात्रेत नाटक संपलं तेव्हा समोर निम्म्या सतरंज्या रिकाम्या होत्या. यात्रा कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब मास्तरांच्या घरी आले, चहा घेतला आणि मुद्द्यावर आले.

"मास्तर, पोरं ऑर्केस्ट्रा मागून राह्यली. मी एक साल थांबवतो त्यांना. पुढल्या यात्रेला तुमचा खेळ संपेपर्यंत पब्लिक बसलं तर ठीक. उठलं, तर दुसरी संध्याकाळ ऑर्केस्ट्राची. कायमची."

 आठवड्याभरानं एका रविवारी जेवताना मास्तर म्हणाले, "पुढल्या यात्रेला पिच्चर काढू. त्याच स्टेजवर पांढरा पडदा लावून दाखवू. रोजच्या तालमीची भानगड न्हाई. ज्याला ज्या रविवारी सुट्टी, त्या रविवारी त्याचं काम."

त्यांची मुलगी आकांक्षा जालन्याला पॉलिटेक्निकला शिकते. कॅमेरा, माइक, लॅपटॉप ही जबाबदारी तिची ठरली. गोष्ट मास्तरांनी लिहिली, ती साधीच. एका म्हातारीला आता मेंढरं वळवणं होत नाही. ती कळप विकायला काढते. व्यापारी टेम्पो भरतो आणि शेवटी वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभा राहून विचारतो, आत अजून एखादं राहिलं का. म्हातारीच्या पदराखाली एक कोकरू आहे. ती म्हणते, "हाय एक. ते न्हाई जायचं." एवढंच. म्हातारीचं काम आसराबाईचं. व्यापारी झाला राधेश्याम, जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानावर असतो तो.

माणसं जमवून शूटिंग सुरू व्हायला माघ उजाडला. पहिले दोन रविवार झकास गेले. आसराबाई एकदाही अडखळली नाही. मास्तर खुशीत होते. दुसऱ्या रविवारनंतर तिसऱ्या दिवशी आकांक्षानं हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला.

"पप्पा, हे ऐका."

मास्तरांनी ऐकलं. आसराबाईच्या प्रत्येक वाक्याआधी तेच वाक्य एका पुरुषाच्या घोगऱ्या आवाजात ऐकू येत होतं. कडूबाआबा लिंबाच्या झाडामागं डबा टाकून बसला होता आणि दोन्ही रविवार इमानानं प्रॉम्प्टिंग करत होता. कुणाला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. खुद्द मास्तरांनाही नाही. इतकी वर्षं तो आवाज कानात बसला होता की आता तो त्यांना ऐकूच येत नव्हता.

"आणि दुसरी गोष्ट," आकांक्षा म्हणाली, "काकू राधेश्यामकाकाशी बोलताना त्याच्याकडं बघतच न्हाईत. कॅमेऱ्याकडं बघतात, पब्लिक बसल्यावानी."

दोन रविवारांचं काम वाया गेलं. यात्रेला दीड महिना उरला होता. मास्तरांनी कडूबाआबाला जमेल तितक्या गोडीत सांगितलं की पिक्चरला प्रॉम्प्टर लागत नाही. कडूबानं डबा उचलला आणि घरी गेला.

पुढच्या रविवारी आसराबाई वाडग्यापाशी उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. पहिल्यांदा नाही, पाचव्यांदाही नाही.

"काकू, विसरल्या का?"

"विसरते कशाला? सगळं पाठ हाय." आसराबाई चिडून म्हणाली. "पण आधी कडूबाभाऊचा आवाज येतो, मंग माझा. असंच व्हत आलंय. त्यांच्याबिगर तोंडच उघडत न्हाई, काय करू?"

बोलता बोलता तिनं सवयीनं डावीकडं लिंबाकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मास्तर तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी आसराबाईला हजारदा समोरून पाहिलं होतं, पण ती विंगेकडं कशी बघते ते कधी पाहिलं नव्हतं. आधाराचं माणूस शोधणारी ती नजर होती. पिक्चरमधल्या म्हातारीची नजर हीच, आणि ती कॅमेऱ्याकडं नाही, त्याच्या बाजूला हवी.

त्यांनी काम तिथंच थांबवलं आणि कडूबाचं घर गाठलं. आबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होता.

"या. आता तुमचं मशीन लोकांला बोलतं करून राह्यलं न? मंग इकडं कशाला आलात?"

"आबा, काम हाय तुमच्याकडं. फकत बोलायचं न्हाई."

कडूबाचा हात थांबला. "प्रॉम्प्टरनं बोलायचं न्हाई? मंग वरातीतल्या घोड्यालाही सांगा, चालू नको म्हणून."

"कॅमेऱ्याला लागून बसायचं. डबा तुमचाच. आसराकाकू तुमच्याकडं बघून बोलतील. तुम्ही समोर दिसलात की बास."

"आणि माझ्या तोंडून निघून गेलं तर?"

याचं उत्तर संध्याकाळी उन्हं कलताना आसराबाईनंच दिलं. "कडूबाभाऊ, तोंडात तंबाखू भरा चांगली. गाल भरून. थुकायला उठायचं न्हाई."

मग गोष्टीतला शेवटचा शॉट लागला. टेम्पो उभा. राधेश्यामनं विचारलं, "मावशी, आत अजून एखादं राह्यलं का?" आसराबाईनं कॅमेऱ्याशेजारी डब्यावर बसलेल्या कडूबाकडं पाहिलं. कडूबाचे दोन्ही गाल फुगलेले. आता तिनं बोलायचं. ती बोलली नाही. स्टेजवर असती तर कडूबानं एवढी शांतता कधीच पडू दिली नसती. तो डब्यावरून अर्धा उठला, डोळे मोठे झाले, मान हलू लागली. आसराबाई त्याच्याकडं बघतच राहिली. पदराखाली कोकरू चुळबुळलं. तिनं वरून हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "हाय एक. ते न्हाई जायचं."

मास्तर 'कट' म्हणायचं विसरले. आधी कडूबा पळाला, कुंपणापाशी थुंकायला. मग सगळे एकदम हसले आणि आसराबाईनं पदरानं तोंड पुसलं.

त्यानंतर तिचं सगळं काम असंच झालं, डब्यावर मुका कडूबा आणि त्याच्याकडं बघून बोलणारी आसराबाई. एडिटिंग करताना आकांक्षानं शंका काढली.

"पप्पा, शेवटची शांतता लय लांबतेय. पब्लिक उठंल. थोडी कापू का?"

तिचं म्हणणं खरं होतं. काकासाहेबांची अट एकच होती, पब्लिक बसलं पाहिजे. त्यांनी तो शॉट पुन्हा पाहिला, आणखी एकदा पाहिला.

"नको कापू," ते म्हणाले. "उठायचं त्यांनी उठावं. तिला बोलायची घाई न्हाई."

यात्रेच्या दुसऱ्या संध्याकाळी, दिवेलागण झाल्यावर स्टेजवर पांढरा पडदा लागला. कडूबा सवयीनं डबा घेऊन विंगेकडं निघाला होता. मास्तरांनी त्याला हाताला धरून फिरवलं.

"आबा, आज समोर."

"मी समोर कधी बसलो न्हाई, मास्तर."

"म्हणून तर."

कडूबा पहिल्या रांगेत, सतरंजीच्या कडेला स्वतःच्या डब्यावर बसला. शेजारी आसराबाई, नव्या लुगड्यात. मास्तर मैदानाच्या अगदी मागं उभे राहिले, माणसं उठताना दिसावीत म्हणून.

पडद्यावर आपलं बोरीचं झाड, आपली विहीर, आपला रस्ता दिसू लागला तशी माणसं एकमेकांना कोपरं मारू लागली. राधेश्याम दिसला तेव्हा शिट्ट्या झाल्या. मोबाइल खिशात गेले. मास्तर तरी बसलेली माणसं मोजत उभे होते. शेवट यायचा होता.

"मावशी, आत अजून एखादं राह्यलं का?"

पडद्यावर आसराबाई गप्प. मैदान गप्प. मागच्या बाजूला दोन-चार पोरं चुळबुळली, एक जण चप्पल शोधू लागला. मास्तरांनी डोळे मिटले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून घोगरा आवाज सगळ्या मैदानावर घुमला, "हाय एक! हाय एक, म्हण की आसरे!"

सगळं मैदान खळखळून हसलं. चप्पल शोधणारा पोरगा तिथंच बसला. आसराबाईनं कडूबाच्या दंडावर फटका मारला आणि तितक्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "गप बसा, भाऊ! ती सांगतेय न तिच्या मनानं!"

हसू विरलं. आता प्रत्येक जण पडद्यावरच्या म्हातारीच्या ओठांकडं बघत होता. मास्तरांनी डोळे उघडले. समोर सतरंज्या भरलेल्या, एकही माणूस उभा नाही. पदर हलला, त्यावर हात आला.

"हाय एक. ते न्हाई जायचं."

आधी एकच टाळी पडली. मग मात्र टाळ्या वाजतच राहिल्या.

माणसं पांगताना काकासाहेब मास्तरांपाशी आले. त्यांनी फोन काढला. "ऑर्केस्ट्रावाल्याला तिसरा दिवस देऊन टाकतो. दुसरी संध्याकाळ तुमचीच. पण मास्तर, पुढल्या साली खरं नाटक का पिच्चर?"

"बघू," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोक्यात दोन्ही एकत्र फिरायला लागलं होतं.

कडूबा डबा उचलून त्यांच्याजवळ आला. रिकाम्या पडद्याकडं त्यानं मान वळवली.

"समोरून असं दिसतं व्हय," तो म्हणाला. "एवढी वरसं कुणी सांगितलं न्हाई."

"मंग पुढल्या साली कुठं बसायचं, आबा? विंगेत का समोर?"

कडूबानं डबा खाली ठेवला, त्यावर बसला आणि तंबाखूची पिशवी काढली.

"आधी गोष्ट सांगा," तो म्हणाला. "मंग ठरवू."